न वाचलेली आठ पानं

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, एकोणतीस वर्षं विमानांच्या खात्यात काढली आणि एवढ्या काळात ते विमानात बसले एकूण चार वेळा. चारही वेळा डोळे मिटून. "तुम्हाला विमानात झोप बरी लागते हो," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "झोप कसली? कुठला डबा कुठे बसवलाय ते मला ठाऊक असतं. डोळे उघडे ठेवले की ते जास्त दिसतं."

डबा हा त्यांचा शब्द. विमानात जागोजागी इलेक्ट्रॉनिक्सचे बंद डबे असतात. कुणी चाकं नीट खाली आली की नाही ते सांगतो, कुणी इंजिनाचा ताप मोजतो, कुणी नुसताच बाकीच्या डब्यांवर लक्ष ठेवून असतो, जसे काही लोक लग्नघरात असतात. कंपनी डबा बनवते, पण सरकारी खात्याने मंजुरी दिल्याशिवाय तो विमानात जात नाही. ही मंजुरी देणाऱ्या शाखेत भाऊजी होते. प्रत्यक्ष डबा त्यांच्या टेबलावर क्वचितच यायचा. यायचे ते कागद. डब्याने काय काय केलं पाहिजे त्याची यादी, ते तो करतो हे कसं तपासलं, तपासणारा आणि बनवणारा एकच माणूस तर नाही ना, तपासताना पारा कुठे होता, आतली चिप नेमकी कुठली होती. तळहाताएवढ्या सर्किटमागे कमरेएवढा कागदांचा ढीग. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि खाली सही करायची.

नातेवाइकांना हे काम शेवटपर्यंत कळलं नाही. निम्म्यांना वाटायचं भाऊजी विमानतळावर असतात, उरलेल्या निम्म्यांना वाटायचं ते विमान दुरुस्त करतात. आमची एक मावशी तर प्रवासाला निघाली की त्यांना फोन करून खिडकीजवळची जागा मागायची. भाऊजीही सुरुवातीची दहा वर्षं समजावून सांगायचे. पुढे "बघतो" म्हणू लागले. एकदा योगायोगाने मावशीला खिडकी मिळाली आणि मग काही इलाजच राहिला नाही.

कचेरीत त्यांचं नाव पडलं होतं 'कशावरून'. कंपनीचा माणूस म्हणाला की चाचणी व्यवस्थित झाली, की हे चष्म्यावरून बघत म्हणायचे, "कशावरून?" आवाज चढवायचे नाहीत. सवय इतकी मुरली की ती घरीही आली.

"अहो, बाहेर गारठा आहे, स्वेटर घाला," ताई म्हणायची.

"कशावरून?"

"मी आत्ता बाहेरून आले त्यावरून!"

"ते तुझ्यापुरतं झालं."

मग ताई स्वेटर त्यांच्या अंगावर फेकायची आणि तो विषय तिथे संपायचा. घरी त्यांच्या शंकांवर एवढी जलद कारवाई व्हायची.

पण मी सांगतोय त्या वर्षी भाऊजी दमले होते. शाखेतले दोघे निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं, फायली मात्र येत होत्या. त्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर फायलीच बसलेल्या असत, आणि भाऊजी सांगायचे की जुन्या सहकाऱ्यांपेक्षा या कमी बोलतात, एवढंच काय ते बरं. कचेरीचे तीन जिने चढताना ते मधल्या वळणावर थांबायचे. कुणी आलंच तर खिडकीतून काहीतरी बघत असल्यासारखं करायचे. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही दिसत नाही. त्या टाकीकडे एवढं मन लावून कुणी आजवर बघितलं नसेल. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. घरी संध्याकाळी जेवताना त्यांचा घास अर्ध्या वाटेत थांबायचा आणि ताई म्हणायची, "तो तोंडात घाला, मंजूर आहे."

अशात ती फाइल आली.

फाइल घेऊन आलेल्या कंपनीच्या मॅनेजरला शाखेत सगळे 'चकचकीत' म्हणत. बूट चकचकीत, कपाळ चकचकीत, फायलीचं वेष्टनही तसंच. बोलायला मात्र गोड माणूस.

"साहेब, यात नवीन काहीच नाही," तो बसता बसता म्हणाला.

"मग मंजुरी कशाला मागताय?"

चकचकीत मनापासून हसला. "म्हणजे डबा नवीन आहे, पण आतली मुख्य चिप आणि तिच्यात भरलेलं लॉजिक आमच्या जुन्याच डब्याचं. अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच खात्याने पास केलंय. तेव्हा त्या भागाच्या चाचण्या परत करायला नकोत, जुना पुरावा चालावा, एवढीच विनंती."

ही मागणी रास्तच होती. एकदा नीट तपासलेलं पुन्हा तपासा म्हणणं म्हणजे सगळ्यांचाच वेळ घालवणं, आणि नियमातही तशी सोय आहे. डबा होता विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीचा. ही नळी विमानाच्या बाहेर असते. वर आकाशात तिच्यात बर्फ धरला की ती खोटा वेग सांगू लागते, म्हणून ती सतत तापती ठेवावी लागते. तापवायचं काम या डब्याचं. नळी तापतेय की नाही याचा दिवा वैमानिकासमोर असतो, तोही हाच डबा लावतो.

भाऊजींनी रेकॉर्ड विभागातून अकरा वर्षांपूर्वीची फाइल मागवली. दोनशे चौदा पानं. शेवटच्या पानावर मंजुरीची सही. सही भाऊजींची.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती तोवर भाऊजींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, ताईलासुद्धा नाही. पान पूर्ण वाचून झालं की भाऊजी त्याच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, पेन्सिलीने एक ठिपका द्यायचे. मोहरीच्या निम्म्याने. कुणी मध्येच बोलवलं, फोन आला, तर परत आल्यावर कुठून वाचायचं ते कळावं म्हणून लावून घेतलेली सवय. नियमात ठिपका नाही, त्याला कुणी विचारत नाही, तो दिसतही नाही. बघणाऱ्याला वाटावं कागदच तसा आहे.

भाऊजी जुनी फाइल चाळत होते. ठिपका, ठिपका, ठिपका. एकशे तीस, ठिपका. एकशे एकतीस, काही नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. एकशे बत्तीस, काही नाही. आठ पानं कोरी गेली. एकशे एकोणचाळीसवर ठिपका परत हजर, आणि मग थेट शेवटपर्यंत आणि सहीपर्यंत.

ती आठ पानं त्यांनी वाचलीच नव्हती. वाचल्याची सही मात्र केली होती.

मग त्यांनी ती वाचली, अकरा वर्षं उशिरा. त्यात एकाच चाचणीचा अहवाल होता. विमानातली वीज कधी कधी क्षणभर जाते आणि परत येते. तेव्हा डब्याने चटकन जागं होऊन नळी पुन्हा तापवायला घ्यायची, आणि जमलं नाही तर तसं वैमानिकाला सांगायचं. हे कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली पंचावन्न अंशांवर तपासायला हवं होतं. एकशे चौतिसाव्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की थंडीची पेटी दुरुस्तीला गेल्यामुळे चाचणी खोलीच्या तापमानाला केली आहे, आणि थंडीतही निकाल हाच येईल असं हिशेबावरून वाटतं. पुढल्या पानावरच्या तक्त्यात मात्र सरळ 'उत्तीर्ण'. कंपनीने लपवलं काहीच नव्हतं. लिहून दिलं होतं. फक्त ते वाचणाऱ्याने वाचलं नव्हतं.

"त्या दिवशी काय होतं गं?" घरी येऊन त्यांनी ताईला सहीची तारीख सांगितली.

ताई जुन्या वह्या ठेवते. कोण आलं, कोण गेलं, कुणाला बरं नव्हतं, गॅस कधी संपला, सगळं त्यात असतं. तिने त्या वर्षाची वही शोधली. भाऊजी दारात उभे होते. मी तेव्हा तिथेच होतो, आणि इतक्या आशेने वहीकडे बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना तिथे काहीतरी हवं होतं. आई आजारी, मुलीला ताप, निदान नळ तरी फुटलेला.

"काही नाही हो," ताई म्हणाली. "पडदे धुतले, एवढंच लिहिलंय."

"मी धुतले?"

"तुम्ही? तुम्ही कधी पडदे धुतलेत? मीच धुतले. साधा दिवस होता तो."

भाऊजी खुर्चीत बसले. साधा दिवस. म्हणजे सबबही नाही.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. साहेब वयाने पंधरा वर्षांनी लहान. नोकरीला लागले तेव्हा भाऊजींच्याच शेजारी बसून काम शिकले होते. त्यांनी फाइल बघितली, ठिपके डोळ्यांजवळ नेऊन बघितले आणि उठून दार लावून घेतलं.

"तुमचे दोन महिने राहिलेत," साहेब म्हणाले. "ही फाइल मी दुसऱ्या कुणाला देतो. जे बघायचं ते तो बघेल."

"तो काय बघेल? जुनी मंजुरी आहे, खाली सही आहे. माझी सही बघून तो पुढे जाईल. मीही गेलो असतो."

"अकरा वर्षं ते डबे उडताहेत. काही झालंय का?"

"कळवण्यासारखं काही झालेलं नाही. थंडीत नेमकी वीज जाणं क्वचितच होतं, आणि झालं तरी दुसरी नळी असते."

"मग झालं तर!"

"दुसऱ्या नळीलाही हाच डबा आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, चौकशी लागेल तुमच्यावर. निवृत्तीचे कागद अडकतील. एकोणतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एक ओरखडा नाही तुमच्या. आणि या ठिपक्यांचं तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"म्हणून तर मीच सांगायला आलं पाहिजे. दुसरं कोण येणार?"

साहेबांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही मला शिकवलंत तेव्हा हे ठिपक्याचं का नाही शिकवलंत?"

"तुमची नजर तेव्हा चांगली होती. म्हटलं, कशाला उगाच सवयी लावा."

पत्र गेलं. जुना पुरावा मान्य नाही, चाचणी थंडीत करावी, खात्याचा माणूस हजर राहील. सोबत एक स्वतंत्र टिपण भाऊजींनी स्वतःविरुद्ध लिहून दिलं, स्वच्छ अक्षरात, तीन परिच्छेदांत. ताईने ते वाचलं आणि म्हणाली, "आपल्या लग्नाच्या आधी मला पत्र लिहायचात, त्यापेक्षा हे जास्त मन लावून लिहिलंय." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. घासायची म्हणून दोनच होती.

चकचकीतला पत्र मिळालं त्या दिवशी तो न चमकता आला. "साहेब, आमचं काय चुकलं? आम्ही तर लिहून दिलं होतं."

"तुमचं नाही चुकलं," भाऊजी म्हणाले. "म्हणजे थोडं चुकलं. पण आधी माझं."

सरकारी माणसाला असं बोलताना त्याने कधी ऐकलं नसावं. तो पाणी पिऊन गेला.

चाचणी तीन दिवस चालली. थंडीची पेटी म्हणजे कपाटाएवढा फ्रिज, त्याला जाड काचेची खिडकी. ती चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, अंगात दोन स्वेटर.

"तुम्ही आत बसणार की बाहेर?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आतलं काम डबा करेल. मी बाहेर बसून कुडकुडतो."

"मागचे साहेब सही करून जेवायला जायचे."

"मीही गेलो होतो बहुतेक," भाऊजी म्हणाले. बाईंना ते कळलं नाही.

वीज घालवायची, परत आणायची, डबा जागा झाला का बघायचं, लिहायचं. असं दोनशे वेळा. पहिल्या दिवशी साठ झाले, साठही ठीक. दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत एकूण नव्वद. भाऊजींची पाठ आखडली होती, आणि त्यांनीच मला सांगितलं की त्या वेळी त्यांच्या मनात आलं, हा सगळा उपद्व्याप फुकट जावा, डबा पास व्हावा आणि आपण मूर्ख ठरावं. मूर्ख ठरणं त्यांना चाललं असतं. कितीतरी हलकं झालं असतं.

एकशे सतराव्या वेळी दिवा लागला, 'नळी तापते आहे' म्हणून. बाई पुढच्या बटणाकडे हात नेत होत्या.

"थांबा," भाऊजी म्हणाले. "तापमान बघा."

नळी गार होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. दिवा छान हिरवागार, आणि नळी गार. थंडीने वीज जरा सावकाश चढली आणि चिप अर्धवट जागी झाली होती. दिव्यापुरती जागी, कामापुरती झोपलेली. बंद पडणारा डबा परवडतो, वैमानिक काहीतरी तजवीज करतो. चालू आहे म्हणून सांगणारा बंद डबा फार वाईट. दोनशेत असं तीनदा झालं.

बाईंनी कागदावर नोंद केली आणि विचारलं, "हे असे आत्ता उडताहेत?"

"हो," भाऊजी म्हणाले. त्यांनी सही केली आणि साहेबांना फोन लावला.

पुढचं भराभर झालं. हीच चिप असलेला जुना डबा बसवलेल्या सगळ्या विमानांना सूचना गेली: वीज गेली-आली की दिव्यावर विसंबू नका, डबा हाताने बंद करून पुन्हा चालू करा. कंपनीने चार महिन्यांत सुधारलेले डबे द्यायचं ठरलं. चकचकीतने फोनवर भाऊजींना "थँक्यू" म्हटलं, पण दात काढल्यावर आपण डॉक्टरला म्हणतो तशा आवाजात.

आणि चौकशीही लागली. तीन जणांची समिती. भाऊजी समोर बसले.

"पानं न वाचण्याचं कारण?" मधल्या बाईंनी विचारलं.

"दमलो होतो."

"आजारी होतात?"

"नाही. घरी पडदे धुतले होते. तेही बायकोने."

त्यांच्या छापील नमुन्यात कारणांसाठी चार रकाने होते: हेतुपुरस्सर, अज्ञान, दबाव, आजारपण. कडेच्या गृहस्थांनी पेन वर धरलं, खाली आणलं, परत वर धरलं. "दमणं यात बसत नाहीये," ते बिचारे म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांखाली चांगली काळी वर्तुळं होती. शेवटी आजारपण खोडून त्यांनी वर हाताने 'दमणं' लिहिलं.

मग बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, जो भाऊजी महिनाभर स्वतःला विचारायचं टाळत होते. "अशा आणखी किती फायली असतील?"

"माहीत नाही."

"कोण सांगू शकेल?"

ठिपके ओळखणारा माणूस जगात एकच होता.

लेखी ताकीद मिळाली. ती सेवापुस्तकात लागली. भाऊजी ठरल्या तारखेला निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी साहेब बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच बसले. आणि पुढच्या सोमवारपासून भाऊजी परत कामावर. खात्याने त्यांना ठेवून घेतलं, एवढ्याच एका कामासाठी: आपल्या हातून गेलेल्या तीनशे बारा फायली तपासायच्या आणि जिथे पान सुटलं असेल तिथे ते वाचायचं.

ताईने डोक्याला हात लावला. "दमल्याची शिक्षा म्हणून आणखी काम? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्याच," भाऊजी म्हणाले. ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्याने बूट घालायला लागले.

मी परवा त्यांना भेटायला रेकॉर्ड विभागात गेलो. तळघरातली लांब खोली, एका दिव्याखाली टेबल, भाऊजी एकेचाळिसाव्या फायलीवर. तोवर आणखी एका फायलीत तीन पानं सुटलेली सापडली होती. वाचली, नशिबाने ठीक निघाली. तेवढ्यात साहेब खाली आले. त्यांना वरून सारखी विचारणा होत असावी.

"या वेगाने वर्ष जाईल," साहेब म्हणाले. "जरा उरक वाढवता येईल का?"

भाऊजींनी घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते. त्यांनी डोळे चोळले, समोरचं पान पुन्हा एकदा वरून वाचायला घेतलं, अर्ध्यावर थांबले आणि फाइल बंद केली.

"आज आता अक्षरं नुसती दिसताहेत," ते म्हणाले. "उद्या सकाळी."

"पण अडीचच वाजलेत!"

"हो. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं, ते अशाच वेळी असणार."

वर जाताना साहेबांनी स्वतःच दिवा घालवला. भाऊजी जिना चढू लागले, मधल्या वळणावर थांबले, आणि मी बघतोय हे दिसत असूनही काही बघत असल्याचं सोंग न करता तिथेच पायरीवर बसले. सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बस जरा," म्हणाले. "घाई नाही."